मुक्काम पोस्ट बर्लिन

परदेशी राहायला जाणाऱ्या माणसांच्या आपल्याकडे चार जाती ठरून गेल्या आहेत. शिकायला जाणारा विद्यार्थी, नोकरीवर जाणारा इंजिनीयर, नवऱ्यामागोमाग जाणारी बायको आणि सुनेच्या बाळंतपणाला जाणारी सासू. चौघांची तोंडे चार दिशांना, पण एक गोष्ट सारखी. त्यांना त्या मुलखात कुणीतरी बोलावलेले असते. 'का आलात?' असे कुणी विचारलेच, तर पर्समधून कागद काढून पुढे करता येतो.

पाचवीही एक जात आहे. तिला कुणीच बोलावलेले नसते. आमच्या लहानपणी कल्हईवाला भाता खांद्यावर टाकून आळीत येई, झाडाखाली खड्डा खणून बसे आणि मग हाळी देई. आधी बसणे, मग गिऱ्हाईक. तसाच हा माणूस आपला धंदा पाठुंगळी मारून परक्या देशात जातो आणि म्हणतो, 'मला इथे बसू द्या, काम मिळेल तसे करीन.' कल्हईवाल्याला झाडाची सावली पुरत असे. याला व्हिसा लागतो.

जर्मनीत या जातीला 'फ्रायबेरूफ्लर' म्हणतात. 'फ्राय' म्हणजे मुक्त आणि 'बेरूफ' म्हणजे व्यवसाय. गंमत अशी, की 'बेरूफ'च्या पोटात 'रूफन' हे क्रियापद दडलेले आहे आणि त्याचा अर्थ हाक मारणे. म्हणजे ज्याला कुणी हाक मारली नाही त्याच्याच नावात हाक आहे. भाषांतर करणाऱ्या बाईला असल्या गोष्टींत नको इतका रस असतो, तो वाचकांनी सहन करावा.

मी पुण्यात वीस वर्षे हा धंदा करीत होते. जर्मन यंत्रांची माहितीपुस्तके मराठी-इंग्रजीत आणायची आणि अधूनमधून चाकणच्या एखाद्या कारखान्यात जर्मन साहेब आणि आपला फोरमन यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसायचे. पुस्तकांचे काम हळूहळू यंत्रांनीच गिळले. यंत्राचे वर्णन यंत्राने करावे, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. उरले ते दोन माणसांच्या मध्ये बसण्याचे काम. बर्लिनमध्ये आपली माणसे वाढत होती, त्यांच्यामागून त्यांचे आईबापही येऊ लागले होते. तिथे हे काम पुरेसे मिळेल असा माझा हिशेब होता. 2023 च्या मार्च महिन्यात मी मुंबईत अर्ज दिला.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे फार दंतकथा आहेत. जर्मनीच्या निवास-कायद्याचे एकविसावे कलम स्वतंत्र धंदा करणाऱ्या परकीयांसाठी आहे. त्यात दोन पंगती आहेत. एक पंगत उद्योग-व्यापारवाल्यांची. उद्या मी तिथे बेकरी काढायची म्हटली तर मला सिद्ध करावे लागेल, की या धंद्यात देशाला काही आर्थिक रस आहे किंवा त्या भागाला त्याची गरज आहे, त्याचा अर्थव्यवहारावर चांगला परिणाम होईल, आणि भांडवल माझे आहे किंवा कर्ज कबूल झालेले आहे. दुसरी पंगत मुक्त व्यवसायांची. तिला ही पहिली कसोटी जशीच्या तशी लावीत नाहीत. मात्र पोट भरेल हे दाखवावे लागते, आणि वैद्यकीसारखा सनदेचा धंदा असेल तर सनद हवी.

या दुसऱ्या पंगतीत कुणी बसायचे ते ठरते आयकराच्या कायद्यावरून. त्याच्या अठराव्या कलमात धंद्यांची यादीच दिली आहे. डॉक्टर, वकील, इंजिनीयर, वास्तुविशारद, पत्रकार, आणि होय, दुभाषे आणि भाषांतरकार. आयकराच्या कायद्यात आपल्या धंद्याचे नाव वाचून आनंद होण्याचा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. आमच्या सोसायटीतला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा मात्र दोन पंगतींच्या मधोमध उभा राहतो. त्याचे काम इंजिनीयरासारखे आहे की व्यापारासारखे, हे एकेकाच्या कामावरून ठरते आणि त्यावर तिथे बरीच वकिली चालते.

अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या माणसाला व्हिसाशिवाय थेट बर्लिनला उतरून तिथेच निवासाचा अर्ज करता येतो. आपण मात्र घरूनच व्हिसा घेऊन निघायचे. त्याची फी 75 युरो. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला म्हातारपणाची सोय दाखवावी लागते. उतारवयात याला पोसायची पाळी आपल्यावर येऊ नये, हा सरळ जर्मन विचार. काही देशांना जुन्या करारांमुळे यातून सूट आहे आणि त्यांत श्रीलंका आहे, भारत नाही. मी त्या रेषेच्या अलीकडे दोन वर्षे होते. वाढदिवसाचा एवढा धाक मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

आता कागद. शिक्षणाचे दाखले, केलेल्या कामांचे नमुने, बँकेतली शिल्लक, आजारपणाचा विमा, हे सगळे गोळा होते. पुढच्या वर्षांचा जमाखर्च मांडायचा असतो, तोही होतो. महिन्याला किती तास काम मिळेल, तासाला किती युरो, खोलीचे भाडे किती, विम्याचा हप्ता किती. हे भविष्यकथन आहे, पण आपल्याकडे पत्रिका बघणाऱ्यांना जे जमत नाही ते इथे करावे लागते: आकडे द्यावे लागतात आणि बेरीज जुळावी लागते.

खरी मेख पत्रांत आहे. बर्लिनमधल्या माणसांनी लिहून द्यायचे, की ही बाई इथे राहिली तर आम्ही तिला अमुक काम देऊ, महिन्याला अमुक तास, अमुक दराने. हे बंधनकारक कंत्राट नसते. नुसता इरादा असतो. पण जिथे कुणी बोलावलेले नाही तिथून बोलावणे मागून आणायचे, असा हा प्रकार आहे. आपल्या मध्यमवर्गीय मराठी मनाला उसने पैसे मागणे एक वेळ जमेल, 'मी तुम्हाला हवी आहे असे लिहून द्या' हे म्हणणे जमत नाही. मी बावीस ठिकाणी पत्रे पाठवली. सतरांची उत्तरे नाहीत, दोन सभ्य नकार. तीन पत्रे आली. एक परकीयांचे खटले चालवणाऱ्या वकीलबाईंचे, एक भाषांतराच्या छोट्या कचेरीचे आणि एक गुडघे-कंबर बघणाऱ्या डॉक्टरचे. डॉक्टरचे पत्र चारच ओळींचे होते. आपल्याकडे भारतातून आलेली वृद्ध माणसे येतात, मुलगा आईचे दुखणे स्वतःच्या शब्दांत सांगतो आणि आई गप्प बसते. इथे दुभाषा पाहिजे, महिन्यातून आठ तास. मी ते पत्र किती वेळा वाचले ते सांगत नाही.

अर्ज दिला त्या दिवशी काचेपलीकडे एक पोक्त बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले, जर्मनमध्ये दोन-चार प्रश्न विचारले आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "पण हे काम पुण्यात बसून नाही का होत? आता तर सगळे फोनवर होते."

प्रश्न खोचक नव्हता. रास्त होता. सगळ्या फायलीचा तोच गाभा होता, आणि त्याचे उत्तर माझ्या एकाही कागदात नव्हते. मी म्हटले, "आमच्याकडे 'बघू' म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ 'पाहू या' असा आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. कधी 'हो' असतो. तो कुठला, हे म्हणणाऱ्याच्या मानेवरून कळते. फोनवर मान दिसत नाही."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी टिपून घेतले. फाइल बर्लिनच्या खात्याकडे जाते, तिथली संमती आल्यावरच व्हिसा मिळतो. माझा जुलैअखेर आला. मानेचा त्यात किती वाटा होता ते देव जाणे.

सप्टेंबरमध्ये बर्लिनला पोचले. तिथे पोचलेल्या माणसाचा पहिला संस्कार म्हणजे 'आनमेल्डुंग', पत्त्याची नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कचेरीत जाऊन मी अमुक घरी राहते असे नोंदवायचे. परकीयांनाच नव्हे, जर्मन माणसालाही हे चुकत नाही. घरमालकाने 'ही माझ्याकडे राहायला आली' असे लिहून द्यावे लागते. ही अट 2015 सालच्या नोव्हेंबरपासून पुन्हा आली. नोंदीचा कागद नसेल तर बँकेपासून पुढचे बहुतेक व्यवहार अडतात, आणि घर मिळायला पुन्हा मिळकतीचे कागद लागतात. नव्या माणसाने या वर्तुळात कुठून शिरायचे, हा बर्लिनमधला रोजचा विषय आहे. मला एका विधवा बाईंच्या घरातली मागची खोली मिळाली. बाईंनी मिळकतीचा कागद मागितला नाही. रात्री दहानंतर कपडे धुण्याचे यंत्र लावणार का, एवढेच विचारले.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना आहे. तो पाहून मी क्षणभर दचकले. पण त्यात विशेष काही नाही, हिशेबाची बाब आहे. कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट लिहिले, की चर्चचा कर सुरू होतो. बर्लिनमध्ये तो आयकराच्या नऊ टक्के असतो आणि तो सरकारच गोळा करून चर्चला देते. आमच्या देवळांसाठी अशी वसुली नाही. दानपेटीपुढे उभे राहून खिसे चाचपणाऱ्या माणसाला ही पद्धत रुक्ष वाटेल, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे.

आता पत्रपेटी. मला कुणी बर्लिनविषयी एकच गोष्ट सांगा म्हटले तर मी ब्रांडेनबुर्गच्या वेशीविषयी सांगणार नाही, पत्रपेटीविषयी सांगीन. तिथल्या जुन्या चाळवजा इमारतींत बहुधा खोल्यांना क्रमांकच नसतात. रस्ता, घराचा आकडा आणि आडनाव, एवढाच पत्ता. खाली दारापाशी पेट्यांची रांग असते आणि दारावर घंटांची पाटी. पेटीवर तुमचे आडनाव नसेल तर तुम्ही त्या घरात नाही. पोस्टमन पत्र परत नेतो. आणि सगळे राज्य पत्रांवर चालते. अकरा आकडी करक्रमांक पत्राने येतो, धंद्याचा निराळा करक्रमांक पत्राने, विम्याचे कार्ड पत्राने, बँकेचा गुप्त आकडा पत्राने, त्याचे कार्ड दुसऱ्या पत्राने. म्हणजे तुम्ही तिथे आहात की नाही हे शेवटी एका चिकटपट्टीवर ठरते. बाईंनी आपल्या नावाखाली माझे आडनाव टंकून लावले. त्यात एक अक्षर कमी पडले होते. ते दुरुस्त होईपर्यंत मी रोज खाली जाऊन पाहत असे. घरी आमच्या आजोबांना मनीऑर्डरची वाट पाहताना पाहिले होते, त्याची आठवण होई.

निवास-परवान्याचे खाते शहराच्या वायव्येला कालव्याच्या काठी आहे. भुयारी रेल्वेच्या वेस्टहाफेन स्टेशनवर उतरायचे. पश्चिम बंदर असा त्या नावाचा अर्थ. 1923 साली उघडलेले मोठे नदीबंदर शेजारीच आहे. स्टेशनात उतरले आणि थबकले. सगळ्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. एका फरशीवर एक अक्षर, शब्दांमध्ये जागा नाही, त्यामुळे बोट धरून वाचल्याशिवाय काही कळत नाही. वाचता वाचता लक्षात आले, की हा 1948 सालचा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. फ्रांस्वाज शाइन या कलावतीने तो इथे मांडला आहे. त्यातच हाइनेची वचनेही आहेत, जो जर्मन कवी 1831 साली पॅरिसला गेला आणि 1856 साली तिथेच वारला.

परवान्याच्या खात्याला जाणाऱ्या स्टेशनवर हा मजकूर असावा, हे बरे की वाईट, मला ठरवता आले नाही. त्याचे तेरावे कलम सांगते, की आपला देश सोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परतण्याचाही आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क मात्र त्यात नाही. चौदाव्या कलमात छळापासून आसरा मागण्याचा आहे. म्हणजे दार बाहेरून उघडते, आतून उघडेल असे नाही. आणि पहिले कलम शोधताना हंसाबेन मेहतांची आठवण झाली. 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आलेल्या या बाईंनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात आग्रह धरला आणि इंग्रजी मसुद्यातले 'सर्व पुरुष' असेही वाचता येणारे शब्द काढून 'सर्व मानव' असा पाठ आणला. जर्मनमध्ये 'मेन्शेन' या शब्दात स्त्री-पुरुष दोन्ही आधीपासूनच येतात. त्यामुळे वेस्टहाफेनच्या भिंतीवर हंसाबेनचे काम दिसत नाही. भाषांतराचे हे असेच असते.

वर आल्यावर रुळांवरून पुट्लिट्स पूल जातो. त्याच्यावर वर चढता चढता मोडून गेलेल्या जिन्यासारखे एक धातूचे शिल्प आहे, 1987 सालचे. खालच्या मोआबिट माल-स्टेशनातून 1942 पासून बर्लिनच्या तीस हजारांहून अधिक ज्यूंना गाड्यांत घालून मृत्यूच्या छावण्यांकडे नेले. तेही याद्यांवरून, पत्त्यांवरून, शिक्क्यांनिशी. मी तिथे फार वेळ थांबले नाही, भेटीची वेळ ठरलेली होती. पण हातातली फाइल त्या दिवशी जरा निराळी वाटली, आणि त्यानंतर जर्मन कागदांच्या वेडावर कुणी विनोद केला तर मी पूर्वीइतकी हसत नाही.

या खात्याचे नाव पूर्वी 'औसलेंडरबेहोर्डे' होते, परकीयांचे खाते. 1 जानेवारी 2020 पासून ते 'लांडेसआम्ट फ्यूर आइनवांडरुंग', म्हणजे येऊन वसण्याचे खाते, झाले. इमारत तीच, शेजारच्या वीजघराची धुराडी तीच. पण पाटीवर तुम्ही कोण आहात याऐवजी तुम्ही काय करीत आहात ते आले, हा फरक मला लहान वाटत नाही.

निकाल लागायच्या आत माझ्या व्हिसाची मुदत संपत होती. म्हणून तिथल्या तरुण कारकुनाने एक घडीचा कागद हातात ठेवला. त्यावरचे नाव होते 'फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग'. शब्दशः भाषांतर करायचे तर 'कल्पित असल्याचा दाखला'. मी जागच्या जागी हसले. तो म्हणाला, "सगळेच हसतात." कायद्याचा अर्थ एवढाच, की अर्जावर निर्णय होईपर्यंत तुमचा जुना परवाना चालूच आहे असे मानायचे. आपल्या सोसायट्यांच्या सभासदांना हा प्रकार परका नाही. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही तेव्हा 'मानीव अभिहस्तांतरण' करून घ्यावे लागते. तसा हा माझा मानीव मुक्काम. पण तोपर्यंत पत्रपेटीवर नाव लागले होते, दोन ठिकाणी काम सुरू झाले होते, बाईंच्या यंत्राची वेळही मी पाळत होते. या सगळ्यावर सरकारी कागद म्हणत होता, की हे तूर्त कल्पित आहे. एकट्याने हिवाळा काढणाऱ्या माणसाने असला शब्द संध्याकाळी चारच्या अंधारात वाचू नये.

2024 च्या फेब्रुवारीत कार्ड आले. फी 100 युरो, तीन वर्षांची मुदत; या कलमाखाली एका वेळी त्याहून जास्त देत नाहीत. बरोबर एक हिरवट पुरवणी. तिच्यावर लिहिले होते, की भाषांतरकार आणि दुभाषी म्हणून मुक्त व्यवसाय करण्यास परवानगी आहे. म्हणजे मुक्त ते तेवढेच. उद्या कुणी नोकरी देऊ केली तर ती खात्याला विचारल्याशिवाय घेता येणार नाही, आणि वडापावची गाडी लावायची तर एकविसाव्या कलमाच्या पहिल्या पंगतीत बसून बर्लिनला वडापावाची गरज आहे हे सिद्ध करावे लागेल. त्या एका गोष्टीचा पुरावा मी नक्की देऊ शकले असते.

आणखी एक बारीक भेद सांगायचा राहिला. या देशात कलावंत आणि लेखकांसाठी 1983 पासून एक सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. नोकरदाराचा अर्धा हप्ता मालक भरतो. कलावंताला मालक नसतो, म्हणून तो अर्धा वाटा सरकार आणि कलेचा वापर करणारे उद्योग मिळून भरतात. कादंबरीचे भाषांतर करणारा त्यात बसतो. पंपाच्या माहितीपुस्तकाचे करणारा बसत नाही. पंपाच्या पुस्तकात एक शब्द चुकला तर माणसाचा हात जातो, कादंबरीत चुकला तर फार तर समीक्षक रागावतो. पण कला ती कला. मी पूर्ण हप्ता भरते.

कार्ड आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या चार ओळींच्या पत्रवाल्या डॉक्टरकडून बोलावणे आले. सांगली जिल्ह्यातल्या एक आजी होत्या, मुलाकडे आलेल्या. मुलगा बाहेर बसला. डॉक्टरने विचारले, दुखणे कसे आहे? बोचते, ओढते, ठोके पडल्यासारखे, की बोथट? जर्मन डॉक्टर हे चार शब्द नेहमी विचारतात. आजी म्हणाल्या, "कसलं म्हंजे? रातीला ठणका लागतोय बघा, उठताना चमक येती, आन् चालून आलं की नुसती रग लागती."

तीन शब्द, तीन निरनिराळी दुखणी. ठणक्याला जर्मन शब्द तयार आहे, चमकेलाही आहे. रगेला नाही. मी आजींना विचारले, "कुठं लागते, हात लावून दाखवा." त्यांनी मांडीवरून पोटरीपर्यंत सावकाश तळहात फिरवला. डॉक्टरने माझ्याकडे न पाहता त्या हाताकडे पाहिले आणि लिहायला घेतले. मग त्याने गुडघा सोडून कंबरेपासून तपासायला सुरुवात केली.

बाहेर आल्यावर आजींनी माझे माहेर, आडनाव, गाव, पगार हे सगळे क्रमाने विचारून घेतले. पगार नसतो, तासावर पैसे मिळतात, हे त्यांना पटले नाही. "मग रोजंदारीच की," त्या म्हणाल्या, आणि जर्मन कायद्याच्या दोन कलमांपेक्षा ते बरोबर होते. घरी येऊन मी बिल लिहिले. नियमाप्रमाणे बिलांना ओळीने क्रमांक द्यावे लागतात, म्हणून वर घातले: क्रमांक 1. काम: दुभाषी, दीड तास. पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला पुन्हा यायचे ठरले होते, आजींच्या कंबरेची छायाचित्रे येणार होती.